ताप उतरल्यावर

ऑक्टोबर महिन्यातील कोणतीही रात्र घ्यावी. कार्यकर्त्याचा दूरध्वनी वाजतो. पलीकडचा आवाज रडवेला असतो. "दादा, प्लेटलेट तीस हजारांवर आल्यात, दाता मिळेल का?" कार्यकर्ता अंथरुणातून उठतो, वहीतील नावे काढतो, चार जणांना जागे करतो आणि पहाटे तीनपर्यंत रक्तपेढीच्या बाकावर बसून राहतो. सकाळी पुन्हा शाखेत वेळेवर हजर असतो. या निरपेक्ष धावपळीचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु डेंग्यूशी लढणे म्हणजे रात्री दाते शोधणे, असे समीकरण समाजात रूढ होऊन बसले आहे, आणि त्यामुळे या रोगाविषयीची सार्वत्रिक समजूतच वाकडी झाली आहे, हे आता स्पष्टपणे सांगावयास हवे. रोगी वाचतो किंवा दगावतो तो बहुधा त्या दूरध्वनीच्या दोन दिवस आधी घेतलेल्या निर्णयांमुळे. आणि तो आजारी पडतो तो त्याच्याच घरात साठलेल्या पाण्यामुळे.

१९९६ साली राजधानी दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू अशी तिची नोंद आहे. डेंग्यू हा शब्द सामान्य घरांत खऱ्या अर्थाने पोहोचला तो त्या वर्षी. तत्पूर्वी १९६३-६४ मध्ये कोलकात्याने रक्तस्रावी डेंग्यूची साथ अनुभवली होती, पण देशाच्या स्मरणातून ती पुसली गेली. २०२३ साली देशभरात नोंदलेल्या रुग्णांची संख्या २ लाख ८९ हजारांवर गेली आणि ४८५ मृत्यू झाले. ही केवळ नोंद झालेली आकडेवारी. खाजगी दवाखान्यांत 'व्हायरल' म्हणून आलेला आणि गेलेला ताप तीत नाही. रुग्णसंख्या अनेक पटींनी वाढली असता मृत्यू १९९६ च्या जवळपासच राहिले, याचे श्रेय उपचारपद्धतीला आणि डॉक्टरांना दिलेच पाहिजे. परंतु योग्य वेळी योग्य उपचार मिळाल्यास तीव्र डेंग्यूतही मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहून खाली राहते, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग हे ४८५ कोण होते, आणि त्यांची वेळ कोठे चुकली?

बहुतेकांची वेळ चुकते ती ताप उतरल्यावर. डेंग्यूचा हा विलक्षण स्वभाव प्रत्येक घराने मनावर कोरून ठेवण्यासारखा आहे. ताप अकस्मात चढतो, १०३-१०४ अंशांपर्यंत जातो. डोके ठणकते, डोळ्यांच्या खोबणीमागे दुखते, हाडे मोडून निघावीत तसे सांधे आणि स्नायू दुखतात, मळमळते, कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते. दोन ते सात दिवस हे चालते. या काळात घर जागे असते, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या असतात, डॉक्टरांकडे खेपा चालू असतात. मग एके सकाळी ताप उतरतो. घर सुटकेचा निःश्वास टाकते, आई दोन रात्रींची झोप काढते, वडील कामावर जातात. आणि नेमके याच वेळी, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान, धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सुरू होतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातील द्रव पोटाच्या व छातीच्या पोकळीत उतरतो, उरलेले रक्त घट्ट होते, रक्तदाब ढासळतो. हे सर्वांच्याच बाबतीत घडत नाही. बहुसंख्य रुग्ण आठवड्याभरात आपोआप बरे होतात. पण ज्याच्या बाबतीत घडते त्याच्यापाशी फार वेळ नसतो.

त्याची चिन्हे ओळखण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. पोटात सतत आणि तीव्र दुखणे. थांबत नाहीत अशा उलट्या. हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शौचास होणे. हातपाय गार पडणे. मूल अकारण चिडचिडे होणे अथवा उलट गळून पडणे. सहा-सहा तास लघवीस न होणे. यांपैकी एकही दिसले तर ताप नाही म्हणून थांबायचे नाही, त्याच पावली रुग्णालय गाठायचे. गर्भवती स्त्रिया, तान्ही बाळे, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर चिन्हांची वाटही पाहू नये. ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे त्यानेही निर्धास्त राहू नये. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाने दिलेली प्रतिकारशक्ती त्या एकापुरतीच टिकते आणि दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार अधिक तीव्र होण्याचा संभव वाढतो. "मला होऊन गेलाय, आता काय होणार!" ही फुशारकी म्हणूनच घातक.

निदानाच्या बाबतीतही सारा खेळ दिवसांचा आहे. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचे एनएस-१ नावाचे प्रथिन शोधता येते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही प्रतिद्रव्ये तपासावी लागतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम नाही म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही, आणि सातव्या दिवशी एनएस-१ सापडले नाही याला फारसा अर्थ नसतो. आयजीएम पुढे दोन-तीन महिने रक्तात राहू शकते, त्यामुळे जुन्या आजाराची खूण नव्या तापाच्या माथी मारली जाण्याचाही संभव असतो. कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्टीवर विसंबू नये. शासकीय मार्गदर्शनानुसार खात्रीची मानली जाते ती एलायझा पद्धतीची चाचणी. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, आयजीएम एलायझाचे संच येथेच विकसित केले. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली निवडलेल्या देशभरातील रुग्णालयांना ते याच संस्थेकडून पुरविले जातात. शासकीय रुग्णालयात ही चाचणी मिळते, हे मध्यमवर्गाला ठाऊकच नसते. तो खाजगी प्रयोगशाळेत हजारो रुपये मोजतो आणि तापाचा कितवा दिवस हे मात्र कोणालाच सांगत नाही. पावसाळ्यात ताप म्हटले की हिवताप, लेप्टो, चिकुनगुन्या यांचीही शक्यता असते. तेव्हा कोणती चाचणी केव्हा, हे डॉक्टरांनी ठरवावे. घरच्यांनी ताप चढला ती तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज कोणतीही गोळी आपल्या मनाने देऊ नये. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी रक्तस्रावाला आमंत्रण मिळते.

आता त्या प्लेटलेटविषयी. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात, डेंग्यूत उतरतात आणि आजार ओसरला की आपोआप चढतात. रुग्णाचे नातेवाईक दिवसातून दोनदा तो एकच आकडा पाहतात, शेअर बाजाराचा निर्देशांक पाहावा तसा. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट अथवा पीसीव्ही नावाची आणखी एक ओळ असते, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वस्तुतः रक्त घट्ट होऊ लागल्याची वर्दी हीच ओळ देते. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांखाली जाईपर्यंत त्या बाहेरून चढविण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नाही, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांनी केलेला मोठा तुलनात्मक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रक्तस्राव नसताना केवळ आकडा खाली आला म्हणून प्लेटलेट चढविल्याने रुग्णांचा लाभ झाल्याचे त्यातही दिसले नाही. मग तीस हजारांवर दाते धावडविण्याचा आग्रह कोणाचा? पुष्कळदा तो डॉक्टरांचाही नसतो, घाबरलेल्या घराचा असतो आणि घराच्या भीतीपुढे डॉक्टर नमते घेतात. काही ठिकाणी या भीतीचा व्यापारही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. "सलाईन लावाच" हा हट्टही तसाच. गरजेपेक्षा अधिक दिलेले पाणी आजार ओसरताना फुप्फुसात उतरते. ज्याला तोंडाने घेता येते त्याने ताक, पेज, शहाळ्याचे पाणी, क्षारसंजीवनी घेत राहावे. पपईच्या पानांच्या रसाची तर दर वर्षी साथ येते. त्यावर काही अभ्यास झाले आहेत, पण झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या त्याने बंद होतात असे कोणी दाखविलेले नाही. आयुर्वेदाच्या नावाने हा रस पाजणाऱ्यांनी आधी नाडी पाहणाऱ्या वैद्याला विचारावे. मोबाईलवरचा निरोप म्हणजे चरकसंहिता नव्हे.

हा विषाणू घरात येतो कसा? एडिस इजिप्ती नावाच्या डासाच्या मादीतून. काळसर अंग, पायांवर पांढरे पट्टे. डास मूळचा आफ्रिकेतला, जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पसरला आणि पिंपाची ती आवड त्याने आजतागायत सोडलेली नाही. गटार, उकिरडा, नाला येथे तो सहसा वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठलेले पाणी लागते. पिंप, रांजण, गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणून रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत झालेले घर दुपारी पाळण्यातल्या बाळाला उघडेच ठेवते. एका जेवणासाठी ही मादी दोघा-तिघांना चावते, म्हणूनच एकाच घरातील तिघे एकाच आठवड्यात आजारी पडतात. रुग्णाला चावल्यापासून आठ-बारा दिवसांनी ती विषाणू पसरविण्यास समर्थ होते आणि मरेपर्यंत तशीच राहते. तिची झेप मात्र थोडी, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतली. म्हणजे ज्या डासाने आजारी पाडले तो दूरच्या झोपडपट्टीतून उडत आलेला नसतो. तो त्याच सोसायटीत, पुष्कळदा त्याच घरात जन्मलेला असतो. 'त्या लोकांच्या' घाणीमुळे रोगराई होते, ही सुखवस्तू वस्त्यांची आवडती समजूत डेंग्यूने साफ खोटी पाडली आहे. सामाजिक समरसतेवर बौद्धिक ऐकणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करण्यास हरकत नाही.

साथ आली की नगरसेवकाला घेराव घातला जातो, धूरफवारणीची मागणी होते. धुराचे यंत्र गल्लीतून घरघरत जाते आणि लोकांना काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. रस्त्यावरच्या धुराने उडता डास थोडाफार मरतो, पिंपातील अळी जिवंत राहते आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी पंख पसरते. महापालिकेचे कर्मचारी घरात येऊन पाणी तपासू लागले तर हाच नागरिक दार उघडत नाही. याचा अर्थ शासन दोषमुक्त आहे असा नव्हे. मराठवाड्यातील कित्येक शहरांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते. २०१६ साली तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. तेथील गृहिणीला पिंप रिकामे करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? घरात पाणी साठविणे ही तिची हौस नसून नियमित पाणीपुरवठ्याच्या अभावी तिच्यावर लादलेली शिक्षा आहे, आणि डेंग्यूच्या प्रत्येक आढाव्यात पाणीपुरवठा विभागालाही उत्तर देण्यास उभे केले पाहिजे. तोवर अशा घरांनी पिंपाचे तोंड जुन्या धोतराच्या कापडाने घट्ट बांधावे, हौदात गप्पी मासे सोडावेत आणि भांडी आळीपाळीने रिकामी करावीत.

लसीकडे डोळे लावून बसणारेही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक ही भारतीय कंपनी यांनी एका मात्रेच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून सुरू केली. दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर ती करण्याचे योजिले होते. तिला यश यावे अशीच प्रत्येक भारतीयाची इच्छा असणार. पण फिलिपाईन्सने २०१६ मध्ये शाळकरी मुलांना घाईने दिलेली एक परदेशी लस पुढच्याच वर्षी थांबवावी लागली होती. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता अशा मुलांत तिने आजार अधिक तीव्र होण्याचा धोका दिसून आला. चार प्रकारच्या विषाणूंशी एकाच वेळी गाठ असली की उतावीळपणा परवडत नाही.

कार्यकर्त्याच्या वहीत रक्तदात्यांची नावे असावीत, ती अपघातात आणि बाळंतपणात लागतातच. त्याच वहीत वस्तीतील तापाच्या रुग्णांचेही एक पान असावे. नाव, ताप चढल्याची तारीख, ताप उतरल्याची तारीख. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या घरी जाऊन लघवी होते ना, पोट दुखत नाही ना, एवढे विचारून यावे. ज्या घरी पुरुष कामाला आणि स्त्री धुणीभांडी करायला बाहेर जाते, तेथे आजारी मुलापाशी दुपारी कोण असते हेही पाहावे. सायंशाखा भरते ती नेमकी या डासाच्या वेळेला. अर्धी विजार २०१६ साली गेली हे या एका बाबतीत बरेच झाले म्हणायचे. पण शाखेच्या मैदानाकडेला पडलेले टायर आणि करवंट्या अजून तेथेच असतात.

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचा काळ हाच या रोगाच्या भराचा काळ. मांडवामागे पाण्याची पिंपे उघडी असतात, वरच्या ताडपत्रीच्या खोळीत पाऊस साचतो. त्याची पाहणी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा करावी. घटस्थापनेपूर्वी घरोघरी जाळ्या काढल्या जातात, डबे घासले जातात. त्याच वेळी फ्रिजमागचा ट्रे ओढून काढावा आणि पिंप नुसते पालथे न करता आतून काथ्याने खरवडून घासावे. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात, सुक्या पिंपात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. घासलेले पिंप उन्हात वाळवावे, मगच भरावे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा रिकामे करावे.