कोंबडीच्या भावात मिठाचे पाणी

“डॉक्टरसाहेब, भाजीतलं मीठ कमी केलं, लोणचं सोडलं, पापड सोडला, तरी बीपी काऊन उतरत नाही?” अमडापूरचे एक गृहस्थ परवा विचारत होते. रोजचे खाणे विचारले. मुलगा पुण्याला नोकरीला. येताना तो पाकीटबंद, तयार मसाला लावलेले चिकन आणतो. ते फ्रिजमध्ये असते आणि आठवड्यातून तीन-चार वेळा होते.

आता एक खुलासा. ‘इंजेक्शन देऊन कोंबडी फुगवतात’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ब्रॉयलर कोंबडी लवकर वाढते ती निवडक जात आणि खुराक यांमुळे. त्यासाठी कोणी सुई टोचत नाही. खरी सुई लागते ती कापल्यानंतर. मांस मऊ राहावे, शिजवताना कोरडे पडू नये म्हणून कारखान्यात त्यात मिठाचे, कधी फॉस्फेटचे पाणी भरतात किंवा ते त्यात मुरवतात. फॉस्फेट पाणी धरून ठेवते. वजन वाढते ते वेगळेच! पाणी धरण्यासाठी दुसऱ्या जनावरांची प्रथिने टोचल्याचेही २००३ साली ब्रिटनमध्ये उघड झाले होते. अमेरिकेत अशा कच्च्या चिकनच्या नावातच पाण्याचे प्रमाण छापण्याची सक्ती २०१६ पासून आहे.

किलोत पंधरा टक्के पाणी धरा. दोनशे रुपये भाव असेल तर तीस रुपये पाण्याचे झाले. दुधात एवढे पाणी निघाले तर आपण गवळ्याला दारात उभे करणार नाही.

पण पैशांपेक्षा मिठाचा हिशेब मोठा आहे. साध्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये सोडियम साधारण सत्तर मिलिग्रॅम असते. पाणी भरलेल्यात ते तीनशे-चारशेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पाव किलो खाल्ले तर हजार. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा दोन हजारांच्या आत सांगितली आहे, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, एक चमचा. आपण रश्श्यात घालतो ते मीठ अजून धरलेलेच नाही.

आपल्या जिल्ह्याला हे परवडणारे नाही. घाटाखाली खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यातूनच क्षार पोटात जातात आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी तिथे नव्या नाहीत. अशा रुग्णाला फॉस्फेटही घातक, कारण दुखरे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही.

गावात डोळ्यांसमोर कापून घेतलेल्या कोंबडीत ही भानगड नसते. पाकीट घेणारच असाल तर घटकांची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. मीठ, सोडियम, फॉस्फेट, ब्राइन यांपैकी शब्द दिसला की समजा. धुऊन हे मीठ जात नाही, ते मांसाच्या आत असते.

त्या गृहस्थांना गोळी बदलून दिली नाही. पाकीट महिनाभर बंद ठेवून पुन्हा बीपी मोजायला यायला सांगितले आहे. मुलाला काय सांगू, एवढाच त्यांचा प्रश्न होता.