रोहिणीचे पाणी आणि पाचवा माणूस

शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा तंटा आपल्या समाजात लहान मुलांनाही ठाऊक असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध याच तंट्याशी जोडला. मात्र युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थ केवळ शांततेचे आवाहन करून थांबला नाही, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी दोन, आणि या चौघांनी पाचवा निवडून तंटा मिटवावा, अशी रीतसर योजना त्याने मांडली. संघाने ती बहुमताने फेटाळली.

रोहिणी आजही नेपाळकडून येऊन गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. नदीला सीमा कळत नाही. भूजलाला तर मुळीच नाही.

भारत-पाकिस्तान सिंधू जलकरारात (१९६०) अशीच योजना आहे. उभय देशांचा एकेक आयुक्त, त्यांचे न जुळल्यास तटस्थ तज्ज्ञ किंवा लवाद. १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे या व्यवस्थेने पचविली. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित केला. संताप रास्तच होता. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तवीच्या पुराचा इशारा भारताने पाकिस्तानला दिलाच. फक्त तो सिंधू आयोगाऐवजी उच्चायुक्तालयामार्फत गेला. माणुसकीला वाट काढावी लागली, कारण नेहमीची वाट बंद होती.

मला अधिक चिंता गंगेची वाटते. १२ डिसेंबर १९९६ चा भारत-बांगलादेश करार ३० वर्षांचा. फराक्का येथे जानेवारी ते मे या काळात प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर पाणी निम्मे-निम्मे, असे त्याचे सूत्र. पण उन्हाळ्यात नदीत झिरपणारे पाणी भूगर्भातले असते, आणि वरच्या अंगाला बोअरवेलनी ते आधीच उपसलेले असते. करार त्याविषयी मौन बाळगतो. जिनिव्हा आणि शेजारच्या फ्रेंच प्रदेशाने १९७८ मध्येच सामायिक भूजलाचा करार केला: आर्व नदीचे पाणी जमिनीत मुरवायचे, उपसा मीटरने मोजायचा, खर्च वाटून घ्यायचा. वसतिगृहातल्या टाकीवर पाळी लावणाऱ्या आपल्या मुलांना हा हिशेब निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

गंगेच्या पुढील करारात दोन्ही देशांनी भूजलपातळीच्या नोंदी एकमेकांना देण्याचे कलम हवे. आणि तो पाचवा माणूसही हवा. १९९६ च्या करारात मतभेद शेवटी दोन्ही सरकारांकडेच परत जातो.