दगड ठीक, लेबल कुठंय?

खराडीतल्या एका आयटी कंपनीत माझी एक मैत्रीण आहे. तिच्या डेस्कवर, मॉनिटरच्या शेजारी, एक जांभळा क्रिस्टल असतो. ऑनलाइन मागवलेला, थेट ब्राझीलचा. फंडा असा, की तो म्हणे निगेटिव्ह एनर्जी खेचून घेतो. (अप्रेझलच्या महिन्यात बिचाऱ्याचं काय होत असेल!) तिच्या ऑफिसातून निघून नगर रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात वाघोली येतं. तिथल्या खाणीतला एक निळा दगड मिळावा म्हणून जगभरातले संग्राहक जीव टाकतात. तिला पत्ताच नाही. खरं सांगू? सहा महिन्यांपूर्वी मलाही नव्हता.

माझे फंडे क्लिअर केले ते आमच्या कसबा पेठेतल्या काकांनी. तांबट आळीची ठोकठोक जिथे ऐकू येते, अशा एका वाड्यात दोन खोल्या. एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून नोकरी केली, आणि दर रविवारी स्कूटर काढून खाणी पालथ्या घातल्या. आता वाडा रीडेव्हलपमेंटला गेलाय. आवराआवर चालू असताना काकूंनी मला हाक मारली, "अगं, तू पेपरात लिहितेस ना? मग हे दगड तरी घेऊन जा कुठेतरी. नाहीतर राडारोड्याच्या ट्रकमध्ये जायचे." पलंगाखालून बिस्किटांचे पत्र्याचे अकरा डबे निघाले. आत कापूस, जुने पेपर आणि...

पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. मोरपिशी काचेचे ठोकळे. एका दगडावर नुसत्या सुयाच सुया, चवरीसारख्या. मी आपली हुशारी केली. धूळ बसलीये म्हणून टूथब्रशनं हलकेच साफ करायला गेले. कडकड! अर्ध्या सुया खाली.

काका रागावले नाहीत. ते त्याहून वाईट. "पुण्याच्या नावाचा दगड पुण्याच्या मुलीनं पुण्यातच मोडला," एवढंच म्हणाले.

गंमत म्हणजे हा टोमणा खरा आहे. १८३०च्या दशकात, पुण्याहून गेलेल्या अशाच सुयांच्या दगडाला हेन्री ब्रूक या इंग्रज खनिजतज्ज्ञानं 'पूनालाइट' असं चक्क नाव दिलं होतं. पुढे ते वेगळं खनिज नाही, मेसोलाइटच आहे असं ठरलं आणि आपलं नाव यादीतून कटाप. मी मोडला तो मेसोलाइटच होता का? "असेल. नाहीतर स्कोलेसाइट. नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार!" इति काका.

तर हे सगळं येतं कुठून? आपण ज्या काळ्या दगडावर राहतो, तो बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरच्या थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि घावनाला जाळी पडते तशा पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं, पाण्यातलं द्रव्य भिंतींवर साचत गेलं आणि काळोखात सावकाश स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट... ही मंडळी झिओलाइट कुटुंबातली. तापवलं की त्यातलं पाणी उकळून बाहेर पडतं, म्हणून १७५६मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं नाव ठेवलं, 'उकळणारा दगड'. कारखान्यात बनवलेला झिओलाइट कपड्यांच्या वॉशिंग पावडरीतही असतो.

आणि तो निळा? त्याचं नाव कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये तो पहिल्यांदा सापडला आणि १९७३मध्ये शास्त्रीय जगात दाखल झाला. पण तिथले स्फटिक बारीक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतून पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले गडद निळे गोळे निघायला लागले, आणि लोक वेडेच झाले. अमेरिकेत टूसॉनला दरवर्षी खनिजांचा मोठा बाजार भरतो. तिथे टेबलावर मखमलीत बसलेलं 'पूना, इंडिया' बघायला लोक येतात. आपण मात्र वाघोली म्हटल्यावर ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतो.

तसं हे जुनंच आहे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले, तेव्हा निघालेले झिओलाइट ब्रिटनमधल्या संग्रहालयांत जाऊन बसले. नंतर पाषाणच्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट गाजला. पाषाण! नावातच सगळं होतं की!

पण एक गोष्ट मला नीट कळायला वेळ लागला. यातलं काहीही स्फटिकांसाठी म्हणून खणलेलं नाही. खाण चालते खडीसाठी. ती खडी रस्त्यात जाते, स्लॅबमध्ये जाते, तुमच्या वन बीएचकेत जाते. सुरुंग उडतो, पोकळी फुटते. कुणाच्या नजरेला पडलं तर वाचलं, नाही तर क्रशर. नजर असते ती खाणकामगाराची. त्याच्या हाताला काय मिळतं आणि टूसॉनला त्याच दगडाची काय किंमत होते, हा हिशेब कुठल्याच लेबलवर नसतो. वाघोलीच्या खाणकामगारांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेनं पाषाण शाळा काढल्या, हेही मला या दगडांच्या नादातच कळलं.

आणि आता पाषाणला खाणींऐवजी सोसायट्या आहेत. वाघोलीत टॉवर वाढतायत. शहरासाठी खडी हवी म्हणून खाण उघडते आणि शहर पोचलं की ती मिटते. म्हणजे डब्यांमध्ये जे उरलंय तेच उरलंय.

म्हणून काकांचा सगळा जीव लेबलवर. "अगं, दगड काय, सुंदर कुणीही असतं. कुठला आहे ते सांग!" गाव, खाण, वर्ष लिहिलेलं असेल तर तो नमुना. नसेल तर शोपीस. व्यापारी पुष्कळदा खरी जागा मुद्दाम सांगत नाहीत, म्हणून लेबलावर मोघम 'जळगाव' नाहीतर 'पूना' येतं. काकांचा प्रॉब्लेम वेगळा. त्यांची लेबलं चिकटवलेली होती खळीनं. झुरळांनी खाल्ली!

त्यामुळे गेले चार शनिवार आमचा प्रोग्रॅम ठरलेला. काका दगड हातात घेऊन डोळे मिटतात आणि आठवतात. "हा पाषाण. स्कूटर पंक्चर झाली होती त्या दिवशी." मी लिहिते. सात डबे झाले. संग्रह कुणाला द्यायचा ते ठरायचंय. त्याआधी नाशिकला जाताना सिन्नरला थांबून 'गारगोटी' बघून यायचं आहे. के. सी. पांडे यांनी उभं केलेलं हे खनिजांचं संग्रहालय २००१पासून तिथे आहे. तुम्हीही थांबा. आणि स्वतः गोळा करायचा किडा चावलाच, तर खाणमालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. सुरुंगाची वेळ तर आधी विचाराच. घरी आल्यावर आंघोळीआधी लेबल. आणि सुयांना टूथब्रश लावू नका, प्लीज.

गेल्या शनिवारी सातव्या डब्याच्या तळातून बोराएवढा निळा गोळा निघाला. मी लगेच पेन उचललं, "वाघोली ना, काका?"

"वाघोलीत खाणी काय एक होती? कुठली ते आठवत नाही."

"मग नुसतं वाघोली लिहू?"

त्यांनी तो खिडकीतल्या उन्हात धरला, फिरवला, परत कापसात ठेवला. "वाघोली लिही. पुढे स्वल्पविराम दे आणि जागा सोड. आठवलं तर रात्री फोन करतो."

अजून चार डबे बाकी आहेत. पॅकर्सवाले पंधरा तारखेला येणार.