रक्ताच्या डागावरून जात कळते का?

गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएवरून त्या माणसाचे पूर्वज कोणत्या भूभागातले असावेत याचा अंदाज बांधता येतो. हे वाचलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग जातही कळत असेल ना, डॉक्टर?’ नाही कळत. आणि जे कळतं तेसुद्धा जपूनच वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपणा सगळ्यांचा डीएनए जवळपास सारखाच असतो. काही ठिकाणी मात्र एखादं अक्षर बदललेलं असतं आणि असे काही बदल एका भूभागात जास्त, दुसऱ्यात कमी आढळतात. डफी या रक्तगटाचं उदाहरण घ्या. तांबड्या पेशींवर डफी नसेल तर व्हायव्हॅक्स मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांत तो नसतो, युरोपीय लोकांत जवळपास सगळ्यांत असतो. पण इतक्या ठळक खुणा थोड्याच. बाकी सगळा कमी-जास्त प्रमाणाचा खेळ, म्हणून अनेक खुणा एकत्र पाहून फक्त शक्यता सांगता येते.

नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड प्रांतात 1999 साली 16 वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. जवळच परदेशातून आश्रयाला आलेल्यांचं केंद्र होतं. लोकांनी तिकडेच बोट दाखवलं. डीएनएतलं वाय गुणसूत्र मात्र वायव्य युरोपाकडे निर्देश करत होतं. 2012 मध्ये परिसरातल्या हजारो पुरुषांनी स्वेच्छेने नमुने दिले आणि गुन्हेगार सापडला: जवळच राहणारा एक डच शेतकरी. (नमुना त्यानेही आपणहून दिला होता!)

इथे चाचणीने निरपराधांना वाचवलं, हे खरंच. पण उत्तर उलट आलं असतं तर? ‘वायव्य युरोपीय’ म्हणजे गावातला जवळजवळ प्रत्येक पुरुष, त्यामुळे ठपका कुणा एका समाजावर बसला नाही. दुसरं उत्तर आलं असतं, तर केंद्रातल्या मूठभर माणसांना जगणं अशक्य झालं असतं. शिवाय वाय गुणसूत्र सांगतं ते फक्त वडील, आजोबा, पणजोबा या एकाच ओळीबद्दल. आईकडचं त्यात काहीच नाही.

आपल्याकडे तर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं होतं. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पारधी वस्तीवर संशय आजही आधी जातो. म्हणून वंशाचा असा अंदाज तपास अधिकाऱ्यापुरताच राहावा, वर्तमानपत्रात येऊ नये. आणि अटक करायची तर त्या माणसाचा स्वतःचा नमुना जुळल्यावरच.