निवृत्ताचे पथ्य आणि सुनेची चूल

जावळी तालुक्यातील माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईस जात आली. मेढ्याच्या पंचक्रोशीत असे घर विरळाच, ज्यातील कोणी गिरणीत अथवा बाजारात पोती वाहिली नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरणीवाले अकाली परतले. माथाडी मात्र १९६९ च्या कायद्यामुळे भविष्यनिर्वाह निधी घेऊन, रीतसर निवृत्त होऊन येतात. हे निवृत्त गृहस्थ आज आमच्या बाह्यरुग्ण विभागात मोठ्या संख्येने दिसतात. मधुमेह, मेदोवृद्धी, आम्लपित्त, सांध्यांचे दुखणे या त्यांच्या नित्याच्या तक्रारी.

कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. दिवसभर पाठीवर ओझे वाहणाऱ्याचा अग्नी चार भाकऱ्या आणि वर भात सहज पचवी. ओझे उतरले, ताट तेवढेच राहिले. आहाराची मात्रा अग्निबलावर ठरते, हे चरकांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आरंभीच सांगितले आहे. ते आपण सर्वजण जाणतो, आणि म्हणूनच चिठ्ठी लिहून मोकळे होतो. आमचे म्हणणे या चिठ्ठीविषयीच आहे.

आमच्याकडे असेच एक आबा येत. आम्ही त्यांना मुगाचे कढण, नाचणीची भाकरी, दुधी, सूर्यास्तापूर्वी जेवण असे सविस्तर पथ्य लिहून दिले. दोन महिने ते फिरकले नाहीत. शेवटी सूनबाई आल्या. "डॉक्टर, मुलांची शाळा, यांचा डबा, शेतावरची माणसं, त्यात मामंजींचं वेगळं. एका दिवसात किती वेळा चूल पेटवू?" पुढे त्या हळूच म्हणाल्या, "आणि वेगळं ताट वाढलं की मामंजी जेवतच नाहीत. म्हणतात, मला आजारी करून कोपऱ्यात बसवलंत."

आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. चाळीस वर्षे ज्याच्या मनीऑर्डरीवर घर चालले, त्याला आता वाडग्यात निराळे कढण मिळणार होते. हा पथ्याचा दोष नव्हे. आम्ही घर न पाहता लिहिले, हा आमचा दोष. आहारविधीच्या आठ आयतनांत 'उपयोक्ता' शेवटी येतो. त्या एका शब्दात रांधणारे हात आणि पंगतीला बसणारी माणसे यांचाही विचार असावा, असे आमचे मत आहे. टीकाकारांशी त्यावर वाद घालण्यास आम्ही तयार आहोत!

मग वेगळे काही सांगितलेच नाही. घरात शिजते तेच जेवावे. फक्त अंगवळणी पडलेले अपथ्य वाग्भटांच्या पादांशिक क्रमाने, पाव पाव हिस्सा सोडावे. आधी रात्रीचा भात थोडा उतरला, मग चौथी भाकरी गेली. नाचणी तर या डोंगरउतारावरचीच. ती सर्वांच्याच ताटात आली. कुळथाचे पिठले घरात होतेच. जेवण मात्र नातवंडांबरोबर, थोडे लवकर. पहाटे उठण्याची सवय आबांना होतीच, तिला नदीकाठच्या फेरीची जोड दिली. अर्धशक्तीने, घाम फुटेपर्यंतच.

येथे एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. रुग्ण मधुमेहाच्या आधुनिक गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर आहार घटवताना रक्तशर्करा तपासून घ्यावी आणि त्याच्या डॉक्टरांशी बोलावे. भाकरी कमी झाली आणि गोळी तीच राहिली, तर साखर एकाएकी उतरते, आणि वृद्धाला भोवळ आल्यावर दोष पथ्याला लागतो.

आबा सर्वस्वी सुधारले असे नाही. एस. टी. स्टँडवरचा गोड चहा अजून सुटलेला नाही. तेथे मुंबईचे जुने सोबती भेटतात, आणि तो चहा सोडा असे सांगण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही. दोनांचा एक करा, एवढेच म्हणालो.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर दोन प्रश्न वाढले आहेत : घरी स्वयंपाक कोण करते, आणि घर किती वाजता जेवते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्या व्यक्तीस पुढच्या खेपेस सोबत आणावयास सांगतो, आणि ती आल्याशिवाय पथ्य लिहीत नाही.