देव मानणें आणि देव जाणणें

देव आहे कीं नाहीं हा वाद पारावर निघाला म्हणजे एका बाजूनें टाळकरी म्हातारबुवा म्हणतात, "आहे, मला ठाऊक आहे", आणि दुसऱ्या बाजूनें शिकून आलेला त्यांचाच नातू म्हणतो, "नाहीं, मला ठाऊक आहे." दोघेही आपलेच, दोघेही प्रामाणिक. परंतु दोघांच्याही तोंडीं "ठाऊक" हा शब्द चुकीच्या जागीं पडला आहे. या एका शब्दापायीं कुणब्या-कारागिरांच्या घरांतून किती पैसा गेला आणि किती जीव गेले याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपली मराठी भाषा या बाबतींत आपल्यापेक्षां शहाणी आहे. "मी देव मानतों" असें आपण म्हणतों. "मी विहीर मानतों" असें कोणी म्हणत नाहीं. विहीर आहे कीं नाहीं हें जाऊन पाहतां येतें, दोर सोडून पाणी किती हात आहे तें मोजतां येतें, आणि मी खोटें सांगितलें असेल तर शेजारी मला हात धरून तेथें नेऊं शकतो. जें दुसऱ्याला तपासतां येतें, आणि चुकलें असल्यास चुकलें असें दिसून येतें, तें जाणणें. लोहार लोखंडाचा रंग पाहून घण केव्हां घालावा हें जाणतो. आपला पोरगा मोठा होऊन नांव काढील असें तो मानतो. मानण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. मृगाच्या तोंडावर बी मातींत टाकणारा सारा कुणबी मानण्यावरच टाकतो. घोटाळा होतो तो मानण्याला जाणण्याचा पोषाख चढवल्यावर.

शास्त्री मंडळी म्हणतात कीं देवाचें अस्तित्व शास्त्रांत केव्हांच सिद्ध झालें आहे. कोणत्या शास्त्रांत? न्यायमताच्या उदयनाचार्यांनीं 'न्यायकुसुमांजलि' हा ग्रंथ देव आहे हें सिद्ध करण्यासाठींच लिहिला. पण मीमांसकांनीं वेद शिरोधार्य मानूनही जगाचा कर्ता मानला नाहीं, जुन्या सांख्यांनीं देवावांचून जगाची मांडणी केली, आणि चार्वाकांनीं तर उघड नाकारलें. ज्या गोष्टीवर शास्त्र्यांचेंच शेंकडों वर्षें एकमत झालें नाहीं ती त्यांना ठाऊक होती असें कसें म्हणावें? त्यांचा आवडता दृष्टांत आमच्या कुंभारबंधूंचा आहे: मडकें आहे तर कुंभार असलाच पाहिजे. बरोबर, पण तें म्हणतां येतें याचें कारण असें कीं, कुंभाराला चाकावर मडकें काढतांना आपण पाहिला आहे. जग घडतांना कोणी पाहिलें? याचा अर्थ देव नाहीं असें ठरलें असा नव्हे. ठरलेलें नाहीं, इतकेंच यावरून ठरतें. इंग्लंडांतील हक्सले या प्राणिशास्त्रज्ञानें आपल्या याच भूमिकेसाठीं १८६९ सालीं एक नवा इंग्रजी शब्द बनवला. मराठींत त्याला अज्ञेयवादी म्हणतात. माहीत नाहीं असें भर सभेंत म्हणायला विद्वानाची छाती लागते. शाळेंतल्या मुलांना तें जमतें; मास्तरांना कमी जमतें.

मग मानणाऱ्यानें काय करावें? खुशाल मानावें. जोतीराव फुले निर्मिक मानीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त तो पानोपानीं आहे. तिकडे तामीळ मुलुखांत पेरियार रामस्वामींची स्वाभिमानाची चळवळ १९२५ सालीं सुरू झाली, आणि पेरियार देव मुळींच मानीत नसत. एक मानणारा, एक न मानणारा. पण देवाच्या दारांत दलाल नको, हें दोघांनींही सारख्याच जोरानें सांगितलें. याचें कारण नीट ध्यानीं घेण्यासारखें आहे.

देव आहे काय, हा एक प्रश्न झाला. देवाला काय पाहिजे, तो कोणावर कोपला आहे, आणि किती दिल्यानें शांत होईल, हा निराळा प्रश्न. पहिलाच जेथें सुटलेला नाहीं तेथें दुसऱ्याचें उत्तर कोणापाशीं असणार? परंतु गांवांत पाहावें तर पहिल्या प्रश्नावर गप्प बसणारा देवऋषी दुसऱ्यावर मोठा बोलका असतो. एक कोंबडें, पांच नारळ, सव्वा मणाचा भंडारा, असा अगदीं वाण्याच्या चिठ्ठीसारखा तपशील त्याला ठाऊक! आणि मुहूर्ताचा, ग्रहशांतीचा तपशील सांगणारा पोथीवाला त्याचाच शहरी भाऊबंद.

याची मोठी परीक्षा आपल्याच घरांत होऊन गेली आहे. साठी ओलांडलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचा हात पाहा. त्यावर लशीचे गोल वण दिसतील. रोगाचें नांवच आपण देवी ठेवलें होतें. अंगावर फोड आले कीं "देवी आल्या" म्हणावयाचें, लिंबाचा पाला बांधावयाचा, घरांत फोडणी द्यावयाची नाहीं, औषध घेतलें तर ती कोपेल. इंग्लंडांत जेन्नर डॉक्टरानें १७९६ सालीं गाईच्या देवीची लस टोंचून पाहिली, आणि १८०२ च्या जून महिन्यांत ती मुंबईंत एका तीन वर्षांच्या मुलीला टोंचली गेली. म्हणजे उपाय मुंबईपर्यंत आला होता. तरीही पुढें पावणेदोनशें वर्षें आपल्या देशांत मुलें मेलीं, आंधळीं झालीं, तोंडावर वण घेऊन जगलीं. लस पोंचत नव्हती हें एक कारण, आणि ती पोंचली तेथें कित्येक दारें लागलेलीं होतीं हें दुसरें. ज्या आईनें दार लावलें तिची माया कमी नव्हती. देवी कोपेल हें तिला कोणी "ठाऊक असलेलें" म्हणून सांगितलें होतें. भारतांतला शेवटचा रोगी १९७५ सालीं सांपडला आणि १९८० सालीं जगांतून हा रोग गेल्याचें जाहीर झालें. देवीचीं देवळें मात्र जागच्या जागीं आहेत. ओटी भरणाऱ्या बाया आजही भरतात. लशीनें देवी खोटी ठरवली नाहीं. तो प्रश्न लशीचा नव्हताच. तिच्या नांवावर जें ज्ञान म्हणून विकलें जात होतें तें खोटें ठरलें. देवी मानून लस टोंचून घेणाऱ्याचें कांहींच गेलें नाहीं.

देवीचा रोग गेला, सर्पदंश आहेच. आपल्या देशांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सापानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक खेड्यांतलीं. एवढें असून मांत्रिकाचा मान टिकतो कसा? बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळीं विष सोडतोच असें नाहीं. हीं माणसें कशानेंही वांचलीं असतीं. तीं मंत्राच्या खात्यावर जमा होतात. जो मेला तो "उशिरा आणला" म्हणून खर्चीं पडतो. ज्या वहींत फक्त जमाच लिहिली जाते तिला हिशेब म्हणत नाहींत. उलट घोड्याच्या रक्तापासून बनवलेलें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांवर चालतें, बाकीच्यांवर त्याचा भरंवसा नाहीं, असें तें बनवणारेच सांगतात. आपल्या ज्ञानाची मर्यादा आपण होऊन सांगणारा मांत्रिक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

तेव्हां साप चावलेल्या माणसाला चालवूं नये, जखम कापूं नये, आवळून बांधूं नये. हात-पाय हालूं न देतां सरळ दवाखान्यांत न्यावें. वाटेंत कोणाला विठ्ठलाचें नांव घ्यावयाचें असेल त्यानें घ्यावें, डॉक्टर हरकत घेणार नाहीं. रात्रीं-अपरात्रीं कोणाची गाडी निघेल हें ग्रामपंचायतीनें पावसाळ्याआधीं ठरवून फळ्यावर लिहून ठेवावें, आणि तालुक्याच्या रुग्णालयांत प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत हें दोघां-तिघांनीं जाऊन मोजून यावें.