पौर्णिमेची वही



गेल्या महिन्यात मगरिबनंतर जळगावहून फोन आला. पलीकडे आमच्या नात्यातली एक विधवा भगिनी रडत होती. "आपा, पोरीच्या कपाटात काळी वही सापडली. पानोपानी चांद काढलाय. मेणबत्ती आहे, अर्धवट जळालेले कागद आहेत. माझी पोर जादू शिकतेय. शेजारच्या बाई म्हणतात, आमिलकडे न्या, ताबीज करून देईल. पाच हजार सांगितलेत."

आम्ही एवढेच म्हणालो, "उद्या सकाळी निघतो. तोवर तिला कुठेही नेऊ नका. आणि तिच्यावर ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नवरा-बायको धुळ्याहून बसने निघालो. पारोळा, एरंडोल मागे पडले तरी आमच्यात फारसे बोलणे झाले नाही. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, नमाजी. घरी पोहोचलो तेव्हा ती कॉलेजला गेली होती. आईने वही आमच्यापुढे ठेवली.

इथे आमची चूक कबूल करतो. आम्ही ती वही उघडली आणि वाचली.

दर पौर्णिमेला एक पान. वर चंद्राचे गोल चित्र. डाव्या बाजूला 'सोडायचे', उजव्या बाजूला 'मागायचे'. सोडायच्या यादीत राग, आळस, एका मैत्रिणीबद्दलचा मत्सर. पण प्रत्येक पानावर एक ओळ पुन्हा पुन्हा आली होती. त्या सकाळी पुण्याला शिकायला पाठवण्यावरून तिचे अब्बूंशी भांडण झाले होते. ते दुकानात निघताना सलाम करून गेले आणि तिने जबाब दिला नाही. दुपारी दुकानातच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पोरगी दीड वर्ष त्या एका सलामाचा जबाब वहीत लिहीत होती.

आई वाचू लागली आणि तिसऱ्या पानावर थांबली. तिला हे काहीच ठाऊक नव्हते.

मुलगी घरी आली. वही बाहेर दिसताच दारातच थबकली. "वाचलीत ना, खाला?" आम्ही म्हणालो, "हो बेटा. तुला विचारायला हवे होते. आम्हाला माफ कर." सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करण्याची स्पष्ट मनाई आहे. ती मनाई फक्त शेजाऱ्यांपुरती आहे, स्वतःच्या मुलांना लागू नाही, असे आपण कधी ठरवून टाकले कोण जाणे.

मग हळूहळू ती बोलली. तिच्याच परवानगीने, ओळख न देता, हे लिहीत आहोत. मोबाइलवर तिने परदेशी मुली पाहिल्या होत्या. स्वतःला 'विच' म्हणवणाऱ्या. पौर्णिमेला मेणबत्ती लावायची, मनातले लिहायचे, नको ते कागदावर उतरवून जाळायचे, चांदण्यात पाण्याची बरणी ठेवायची. "मला जादू नको होती, खाला. अब्बूंबद्दल घरात कुणी बोलतच नाही. अम्मी लगेच रडते. म्हणून लिहायचे. चांद दिसला की आठवायचे, आज लिहायचा दिवस."

हे सारे कुठून आले, तेही थोडे पाहू. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण ठरवून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसांना मारले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. इंग्लंडमधला जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने १९५४ मध्ये पुस्तक लिहून या पंथाचा उघड प्रचार केला. पौर्णिमेला जमणे आणि विधींची स्वतःची वही ठेवणे त्यातूनच रूढ झाले. आता त्यातली मेणबत्ती आणि वही तेवढी सुटी होऊन मोबाइलवर आली आहे. तिकडच्या मुली 'विच' हा शब्द अभिमानाने लावतात, कारण त्यांना त्या मारल्या गेलेल्या बायांच्या बाजूने उभे राहायचे असते.

पण बेटा, आपण खानदेशात राहतो. इथे हा शब्द अजून जुना झालेला नाही. सातपुड्यात, विशेषतः अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवण्याची प्रथा आहे. तो नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत आपल्या धुळ्याचाच भाग होता. पाड्यावर मूल दगावले, गुरे आजारी पडली, की बोट दाखवले जाते, आणि ते बऱ्याचदा एकट्या किंवा विधवा बाईकडे वळते. मग मारहाण, गावाबाहेर काढणे, कधी जीवच घेणे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्या भागात वर्षानुवर्षे काम करत आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणावर करणी करत असल्याचा ठपका ठेवून त्याचे जगणे कठीण करणे हा आज गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये.

हे आम्ही मुलीला सांगितले आणि त्याहून जास्त तिच्या आईला सांगितले. "पोर जादू शिकतेय" हे वाक्य तुम्ही शेजारी बोललात. उद्या ते मोहल्ल्यात फिरेल. परवा कुणाचे मूल आजारी पडले तर? बिनबापाच्या पोरीवर असे बोट उठले की खाली यायला वर्षे लागतात. आणि पाच हजार मागणारा आमिल वहीतले दुःख वाचणार नव्हता. भीती जितकी मोठी, तितके त्याचे दुकान मोठे.

आता चांदाचे. मुलीने चांद पाहून लिहिले, यात आम्हाला वावगे दिसत नाही. आपले सगळे महिने चांदावरच चालतात. दर महिन्याची तेरावी, चौदावी आणि पंधरावी तारीख म्हणजे अय्यामे बीज, उजळ रात्रींचे दिवस. या तीन दिवसांचे नफिल रोजे ठेवण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. म्हणजे पौर्णिमा आपल्या घरात आधीपासूनच आहे. पण चांद ही निशाणी आहे, देणारा नाही. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, हे त्याच्याच मृत्यूमुळे. बाप शोकात बुडालेला असतानाही त्यांनी लोकांना थांबवले आणि समजावले की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरण्या-जगण्यासाठी ग्रहण लागत नाही, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत. म्हणून चांदण्यातल्या पाण्यात शक्ती येते, कागद जाळला की नशीब पालटते, चांदाकडे मागितले की मिळते, हे आपल्या अकीद्यात बसत नाही. मागायचे ते चांद घडवणाऱ्याकडे. 'मागायचे' या रकान्याला आपल्याकडे दुआ म्हणतात. 'सोडायचे' याला तौबा म्हणतात. तिथे कागद जाळावा लागत नाही.

आणि वही? वही तर आपलीच आहे. ह. उमर (रजि.) यांनी सांगितले होते की तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तो तुम्हीच घ्या. याला मुहासबा म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये हारिस नावाचे एक बुजुर्ग होऊन गेले. स्वतःचा इतका काटेकोर हिशेब ठेवत की त्यांचे नावच 'मुहासिबी' पडले. इमाम गजाली यांनी या विषयावर एक अख्खे प्रकरण लिहिले, आणि उदाहरण दिले ते व्यापाऱ्याचे. भागीदाराशी सकाळी अटी ठरवायच्या, दिवसभर लक्ष ठेवायचे, रात्री जमा-खर्च तपासायचा. तो भागीदार म्हणजे आपला नफ्स. सराफ बाजार आणि केळीच्या व्यापाराच्या जळगावला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या आजी-नानींकडे वही नव्हती, जाते होते. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या काम करता करता मनातले बोलत राहिल्या, घरच्यांनी ते उतरवून ठेवले, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये त्याचे पुस्तक झाले. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. मनातले बाहेर काढण्याची जागा प्रत्येक बाईला लागते. जाते गेले, ओसरी गेली. फ्लॅटमध्ये पोरींना बोलायला जागा उरली नाही, म्हणून त्या वहीकडे वळतात.

लिहिण्याने खरेच बरे वाटते का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायचे. लिहून उठताना त्यांना आधी वाईटच वाटले. पण जे घडले त्याबरोबर त्याबद्दल काय वाटले तेही ज्यांनी लिहिले, त्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. त्या प्रयोगात चांदही नव्हता, मेणबत्तीही नव्हती. गुण होता तो खरे लिहिण्यात.

ज्या बहिणींना वही ठेवायची असेल त्यांच्यासाठी थोडे. इशानंतर दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आज काय चांगले हातून घडले, कुणाचा हक्क राहिला, कुणाची माफी मागायची, आणि कशाबद्दल अल्लाहचे शुक्र, एवढेच लिहा. महिन्याचा हिशेब उजळ रात्रींना. फक्त स्वतःला झोडपत बसू नका. चूक लिहिली, तौबा केली, की पान उलटा. तौबा झालेले खाते अल्लाहवर सोडून द्यायला शिका. पानाचा फोटो काढून मोबाइलवर टाकू नका. अल्लाहने रात्री झाकलेले सकाळी आपणच उघडे करू नये, ही प्रेषितांची शिकवण आहे. आणि लिहून लिहूनही झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आमिल नव्हे, डॉक्टर गाठा.

आई-वडिलांसाठी एकच गोष्ट. वही सापडली तर मिटून जागच्या जागी ठेवा आणि मुलीला चहाला बोलवा.

त्या दिवशी निघताना मुलीने आम्हाला विचारले, "खाला, त्या सलामाचा जबाब आता पोहोचेल का?" आमच्या आधी तिची आईच बोलली. "रोज दुआ कर, बेटा. कब्रस्तानावरून जाताना आपण आत झोपलेल्यांना सलाम करतोच ना? आणि तुझ्या अब्बूंनी त्या दिवशी दुकानातून मला फोन केला होता. म्हणाले, पोरगी रागावलीय, संध्याकाळी तिच्यासाठी कुल्फी आणतो, पुण्याचं बघू. मीच तुला कधी सांगितलं नाही. मला बोलवतच नव्हतं."

दोघी किती वेळ रडल्या, आम्ही मोजले नाही. शेवटची बस चुकली आणि आम्ही तिथेच मुक्काम केला.

या महिन्याच्या तेराव्या तारखेला फोन आला. दोघींनी रोजा ठेवला होता. मेणबत्ती आता लाइट गेल्यावर वापरतात. वही कपाटातच आहे, आणि आईनेही एक घेतली आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना स्वतःचा हिशेब वेळेत घेण्याची आणि आपल्या माणसांशी वेळेत बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.